आपल्या संस्थेची बातमी पेपरात का येत नाही, आणि ती यावी म्हणून काय करायचं

८ मार्च उलटला की पुढचे आठ-दहा दिवस मला फोन येत राहतात. कुठल्यातरी तालुक्यातल्या स्वयंसेवी संस्थेच्या ताई असतात नाहीतर दादा, आणि गाऱ्हाणं एकच असतं. "आम्ही महिला दिनाला एवढा मोठा कार्यक्रम घेतला, दोनशे बायका आल्या, सगळ्या पेपरांना प्रेस नोट पाठवली, एका ओळीनेही कुणी छापली नाही. आणि वाढदिवसाच्या बातम्या मात्र फोटोसकट रोज येतात."

मी आधी सहा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर होते आणि आता गेली नऊ वर्षं संस्थेत काम करते, त्यामुळे ज्या प्रेस नोट मी स्वतः बाजूला टाकायचे तशाच प्रेस नोट लिहिणारी माणसं आता माझ्या शेजारी बसतात. दोन्हीकडची माणसं मनापासून काम करणारी आहेत. फक्त पलीकडे काय चाललंय हे एकमेकांना माहीत नसतं. म्हणून हे सगळं एकदा सावकाश सांगते.

बातमी कोणाच्या हातातून जाते

मोठ्या दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या असतात, म्हणजे पेपरचं नाव तेच पण आतली काही पानं त्या त्या जिल्ह्यासाठी वेगळी छापलेली. लोकमत घ्या, सकाळ घ्या, पुढारी घ्या, जळगावच्या आणि साताऱ्याच्या वाचकाच्या हातात वेगवेगळी पानं पडतात. छोट्या संस्थेची बातमी या आतल्या पानांवरच येणार असते आणि ती तिथेच यायला हवी, कारण आपल्या तालुक्याचा तहसीलदार, गटविकास अधिकारी, सरपंच, शाळेचे हेडमास्तर हे सगळे सकाळी आधी तेच पान उघडतात.

या पानापर्यंत बातमी दोन टप्प्यांत पोचते. पहिला टप्पा तालुक्याचा वार्ताहर. बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो, थोडंफार मानधन असतं आणि मुख्य कमाई त्यांनी आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनची असते, त्यामुळे कुणाची शेती असते, कुणाचं झेरॉक्सचं दुकान असतं, आणि ते सांभाळून ही माणसं बातम्या देतात. दुसरा टप्पा डेस्क, म्हणजे ऑफिसात बसून आलेल्या मजकुरातून निवड करणारी, काटछाट करणारी आणि मथळे देणारी मंडळी.

डेस्कवरची संध्याकाळ कशी असते ते सांगते. एका माणसाकडे दोन पानं, समोर मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या साठ-सत्तर बातम्या, मधेच कुठेतरी अपघात झालाय म्हणून फोन, आणि तालुक्याची पानं आधी सोडायची असतात म्हणजे छपाईला पाठवायची असतात. अशा वेळी प्रत्येक बातमीच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या जातात, त्यात काही हाती लागलं तर पुढे, नाहीतर नाही. मी तेच करायचे. त्यात कुणाबद्दल आकस नव्हता, वेळच तेवढा असायचा.

पान म्हणजे एसटी समजा

पेपरचं पान हे यात्रेच्या दिवशीच्या एसटीसारखं असतं. काही सीट आधीच रिझर्व्ह असतात, त्या जाहिरातींच्या. मग ज्यांना आत घ्यावंच लागतं ते चढतात, म्हणजे अपघात, गुन्हे, पाऊस, धरणाची पातळी, बाजारभाव, राजकीय सभा. उरलेल्या चार सीटवर शाळांची स्नेहसंमेलनं, सप्ताह, रक्तदान शिबिरं, सत्कार आणि आपली संस्था असे सगळे एकदम धडकतात. तिथे ज्याच्याकडे सामान कमी तो आत शिरतो, आणि ज्याने आधीच खिडकीतून रुमाल टाकलाय त्याला सीट मिळते.

सामान कमी म्हणजे बातमी छोटी आणि तयार. रुमाल टाकणं म्हणजे आधी सांगून ठेवणं. सोमवारी कार्यक्रम असेल आणि सोमवारीच रात्री नऊला प्रेस नोट पाठवली तर गाडी सुटलेली असते. आठवडाभर आधी वार्ताहराला "सोमवारी हे होणार आहे, तुम्ही यावं असं यात काय आहे ते असं" एवढं कळवलं, आणि आदल्या दिवशी आठवण केली, तर त्याच्याही डोक्यात त्या दिवसाचं पान थोडं आखलं जातं.

वर्षातले काही दिवस पेपर स्वतःच विषय शोधत असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २२ मार्चला जल दिन, २८ मेला मासिक पाळी स्वच्छता दिन, १२ जूनला बालकामगार विरोधी दिन, १ डिसेंबरला एड्स दिन, ३ डिसेंबरला दिव्यांग दिन. पण खरं सांगू का, या दिवसांपेक्षा आपल्या भागाचं स्वतःचं कॅलेंडर जास्त कामाचं असतं. बीडमध्ये दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या की हंगामी वसतिगृहं सुरू झाली का, मुलं मागे राहिली की आईबापाबरोबर फडावर गेली, हा प्रश्न त्याच आठवड्यात बातमी असतो. त्यावरची माहिती फेब्रुवारीत दिलीत तर "हंगाम संपत आला आता" असं ऐकायला मिळतं. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं तेव्हा आमदारांना मुद्दे हवे असतात, जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पुस्तकं, गणवेश आणि एसटीचे पास हे विषय चालतात.

कार्यक्रम आणि बातमी यात फरक आहे

आपण संस्थेत बसून "आपण काय केलं" याचा विचार करतो कारण देणगीदाराला, ट्रस्टींना आपल्याला तेच सांगायचं असतं. पेपरच्या वाचकाला मात्र आपल्या गावात काय झालं, काय अडलंय, काय बदललं हे हवं असतं. माझी कसोटी साधी आहे. चहाच्या टपरीवर उभा असलेला, आपल्या संस्थेशी काही घेणंदेणं नसलेला माणूस ही गोष्ट शेजारच्याला सांगेल का? "अमुक संस्थेने जनजागृती कार्यक्रम घेतला" हे कुणी सांगणार नाही. "अरे, आपल्याकडचे निम्म्याच्या वर हातपंप बंद आहेत, बायकांनी मोजून काढलंय" हे सांगेल.

हातपंपाचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. एका कार्यकर्तीने मला अशी एक प्रेस नोट तपासायला दिली होती, गाव आणि आकडे बदलून सांगते. सुरुवात अशी होती: "सामाजिक क्षेत्रात अग्रेसर असलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने जागतिक जल दिनाचे औचित्य साधून भव्य जनजागृती मेळाव्याचे आयोजन करण्यात आले होते. अध्यक्षस्थानी" आणि मग चौदा नावं, प्रत्येकाच्या आधी माननीय, मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, स्वागतगीत, पाणी वाचवा असं आवाहन, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. सहाव्या परिच्छेदात एक वाक्य होतं की बचत गटाच्या महिलांनी गावातल्या हातपंपांची पाहणी करून माहिती सादर केली.

मी विचारलं, माहिती म्हणजे काय? तर ताईंनी पिशवीतून वही काढली. शाळेची चौरेघी वही, त्यात पेन्सिलने आखलेला तक्ता, अकरा पंप, प्रत्येकासमोर जवळच्या घराचं नाव, चालू की बंद, किती महिन्यांपासून बंद, आणि दुरुस्तीचा अर्ज कधी दिला. सात पंप बंद होते. एका पंपासमोर लिहिलं होतं, "दोन वर्षं. मुली शाळेआधी विहिरीवर जातात."

बातमी त्या वहीत होती! आम्ही प्रेस नोट फाडून नवीन लिहिली. मथळा: गावातील ११ हातपंपांपैकी ७ बंद, महिलांनी घरोघर फिरून केली मोजणी. पहिला परिच्छेद, कुठे, कुणी, कधी मोजले आणि काय निघालं. दुसऱ्यात शाळेआधी विहिरीवर जाणाऱ्या मुलींची गोष्ट, एका आईच्या तोंडून एक वाक्य, तिला विचारून. तिसऱ्यात पंचायत समितीला दिलेल्या अर्जाची तारीख आणि पोच. चौथ्यात अधिकाऱ्यांचं म्हणणं. मेळावा आणि अध्यक्ष शेवटच्या दोन ओळींत. एकूण दोनशे शब्द. पाठवल्यावर वार्ताहराचा फोन आला, "ताई, पाहुण्यांची नावं असू द्या, ती पंपांची यादी आहे का तुमच्याकडे?" तिसऱ्या दिवशी बातमी आली, शेजारी चौकटीत यादी.

पाहुणे रागावतील ही भीती असते, मला कळतं. त्यांना आधीच सांगायचं की बातमी विषयाची जाणार आहे आणि फोटोत तुम्ही आहात. बहुतेकांना चालतं.

मोजलेल्या गोष्टीला वजन येतं

महाराष्ट्रातली याची सगळ्यात मोठी उदाहरणं आरोग्याच्या क्षेत्रातली आहेत. राज्यभरातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागातल्या गावांत जन्म आणि बालमृत्यू स्वतः मोजले, गडचिरोलीची 'सर्च' त्यात पुढाकाराने होती, आणि २००१ मध्ये त्याचा अहवाल आला, नाव 'कोवळी पानगळ'. सरकारी नोंदीत दिसत होते त्यापेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत असं त्यातून पुढे आलं. पेपरांनी तो विषय उचलून धरला, विधिमंडळात तो गेला, पुढे सरकारला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली. बालमृत्यूंवर आधीही बोललं जायचं, पण इथे गावोगावी जाऊन केलेली मोजणी होती आणि कुणालाही पटकन कळेल असं, काळजाला भिडणारं मराठी नाव होतं.

दुसरं उदाहरण आरोग्य सेवांवरच्या लोकाधारित देखरेखीचं. २००७ पासून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत हे काम सुरू झालं, नंतर वाढत गेलं. गावातले लोक आपल्या उपकेंद्राचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतीपत्रक भरायचे, चांगल्याला हिरवा, मधल्याला पिवळा आणि वाईटाला लाल रंग, आणि मग जनसुनावणीत सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांना विचारायचे की आमच्याकडे लाल का आहे. अशा ठिकाणी पत्रकाराला बोलावलं की त्याला भाषणं उतरवत बसावं लागत नाही, समोर प्रश्न असतो, उत्तर असतं, गावातली माणसं असतात आणि रंगीत तक्ता असतो. आपल्या संस्थेने पुढचा कार्यक्रम आखताना भाषणं दोन कमी ठेवून असं काही एक ठेवलं तर बातमी आपोआप तयार होते.

पाठवायचं कसं

हे थोडक्यात सांगते कारण यात फार काही गूढ नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा मराठीत, टाइप करून थेट मेसेजमध्ये किंवा मेलमध्ये द्या. लेटरहेडवर प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, त्याचा तिरका फोटो पाठवला की डेस्कवरच्या माणसाला तो सगळा परत टाइप करावा लागतो, आणि तेवढ्यात दुसरी तयार बातमी त्या जागी बसते. फोटो आडवा, दोनच, आणि काम करणाऱ्या माणसांचा. स्टेजवर दहा जण ओळीने उभे असलेला फोटो सगळ्यांकडेच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर तो दबून छपाईला खराब होतो. खाली फोटोओळ, म्हणजे कोण काय करतंय ते, डावीकडून नावं, आणि नावं दोनदा तपासून. शेवटी एकाच माणसाचा नंबर जो फोन उचलेल. रात्री साडेआठला डेस्कवरून "पंप अकरा की बारा?" असा फोन येतो आणि उचलला नाही तर बातमी थांबते.

सगळ्या पत्रकारांना एकाच ग्रुपवर ढकलून देण्यापेक्षा प्रत्येकाला नावाने पाठवा. वार्ताहराची ओळख बातमीच्या गरजेपुरती ठेवू नका. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये त्या दिवशी 'दर्पण' सुरू केलं म्हणून, त्या दिवशी तालुक्याचे सगळे पत्रकार एकत्र भेटतात, जाऊन भेटा. आपल्या कामाच्या गावात त्यांना एकदा घेऊन जा, बातमी मागू नका. पुढे त्या विषयावर काही घडलं की त्यांना आपलीच आठवण येते, आणि "याबद्दल कोण बोलू शकेल?" असा त्यांचा फोन आला की समजायचं की रस्ता झाला.

आणि पेपर म्हणजेच मीडिया असं नाही. जिल्हा माहिती कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं, कार्यक्रम शासनाच्या एखाद्या विभागाबरोबर असेल तर त्यांच्याकडून बातमी सगळ्या पेपरांना जाऊ शकते. आकाशवाणीची केंद्रं सांगली, परभणी, जळगाव अशी जिल्ह्याच्या गावी आहेत आणि त्यांना स्थानिक बोलणारी माणसं हवीच असतात. २००६ च्या धोरणानंतर संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ चालवता यायला लागला, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं ऐकू येणारं, तिथल्याच लोकांनी चालवलेलं केंद्र, आणि साताऱ्यात म्हसवडचा 'माणदेशी तरंग' त्यातूनच उभा राहिला. तालुक्यातली यूट्यूब चॅनलं पण आहेत, ज्यांचे व्हिडिओ गावातले लोक खरंच बघतात त्यांच्याशी बोला, बाकीच्यांच्या मागे धावू नका.

"बातमी पाहिजे तर जाहिरात द्या" म्हणतात, मग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो खरा आहे. वर सांगितलं तसं वार्ताहराचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आली की त्याच्यावर टार्गेट असतं, म्हणून तो विचारतो. विचारणं आणि अडवणं यात फरक करा. विचारलं तर स्पष्ट आणि आदराने सांगा की आमचा पैसा देणगीचा आहे, तो कामावर खर्च करायचा असतो, जाहिरातीला आमच्याकडे तरतूद नाही. नव्वद टक्के वेळा तिथेच विषय संपतो आणि संबंधही बिघडत नाहीत, हा माझा अनुभव.

पैसे देऊन बातमी छापून आणायची नाही, पाकीट द्यायचं नाही, यावर मात्र मी ठाम आहे. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या जाहिरातींचा, विषय एवढा पेटला की प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल केला. उमेदवाराचं एक वेळ निभावून जातं, पण संस्थेचं सगळं भांडवल विश्वास आहे. उद्या कुणी म्हटलं की यांनी पैसे देऊन छापून आणलं तर खऱ्या बातम्यांवरही लोक विश्वास ठेवणार नाहीत. एका पेपरने अडवलंच तर दुसरा आहे, आणि वाचकांच्या पत्रांचं सदर आहे, शे-दीडशे शब्दांत मुद्दा मांडा, तिथे जाहिरात कुणी मागत नाही.

अधिकारी दुखावले तर?

हीसुद्धा रास्त भीती आहे कारण उद्या त्याच ऑफिसात आपल्याला दाखल्यासाठी जायचं असतं. मी असं करते. आधी लेखी अर्ज, त्याची पोच आवक क्रमांकासकट. थोडे दिवस थांबायचं. मग भेटून सांगायचं की साहेब, हा विषय आम्ही लोकांपुढे मांडणार आहोत, तुमची बाजू द्या. माहिती मिळतच नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एवढं केल्यावर बातमीत "वारंवार मागणी करूनही दुर्लक्ष" असं ढोबळ वाक्य येत नाही, तारीख येते. तारखेवर कुणी चिडलं तरी ती खोटी ठरवता येत नाही. आणि काम झालं की त्याच अधिकाऱ्याचं नाव घेऊन तीही बातमी द्या, मनापासून द्या. चांगलं काम करणारे अधिकारी एकटे पडलेले असतात, त्यांना त्या कात्रणाची फार किंमत असते.

ज्यांची गोष्ट आहे त्यांचं काय

इथे मला थोडं थांबायचंय कारण यात आमच्या हातून एकदा चूक झाली होती. एका ताईंनी नवऱ्याचं घर सोडून शिवणकाम सुरू केलं होतं, त्यांची गोष्ट आम्ही एका पत्रकाराला सांगितली, त्यांना विचारलं होतं आणि त्या "चालेल" म्हणाल्या होत्या. बातमी फोटोसकट आली, छान आली. दुसऱ्या दिवशी सासरची माणसं पेपर हातात घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. त्या कुठे राहतात हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं. फोटोत मागे दुकानाची पाटी दिसत होती. त्या "चालेल" म्हणाल्या होत्या तेव्हा पेपर त्या गावातही जातो, मोबाइलवरही फिरतो, आणि एकदा फिरला की परत घेता येत नाही, हे आम्ही त्यांना समजावून सांगितलंच नव्हतं. त्यांना खोली बदलावी लागली.

तेव्हापासून आम्ही संमती दोनदा घेतो. पहिल्यांदा सविस्तर सांगून, कुठे छापणार, कोण कोण बघू शकेल, नाव बदलता येईल, फोटो पाठमोरा घेता येईल, नाही म्हटलंत तरी आपल्या मदतीत काही फरक पडणार नाही. मग दोन दिवसांनी परत विचारायचं, कारण समोर साहेब बसलेले असताना बाई नाही म्हणत नाही. आणि पत्रकार येणार तेव्हा आपल्यातलं कुणीतरी बरोबर असायचं.

मुलांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही छापता येत नाही, म्हणजे बालगृहातल्या मुलांना वह्या वाटतानाचे ते सगळे फोटो यात येतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे, तिथे शाळा, शेजार, कुटुंब कशावरूनही ओळख उघड झाली तर शिक्षा आहे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीबद्दल २०१७ चा कायदा गोपनीयता सांगतो. पत्रकाराला हे माहीत असेलच असं धरून चालू नका, प्रेस नोटच्या वरच लिहा की नावं बदललेली आहेत आणि फोटो दिलेला नाही तो का.

"आम्ही प्रसिद्धीसाठी काम करत नाही"

असं म्हणणाऱ्या माणसांबद्दल मला खूप आदर आहे आणि त्यांच्याशीच मी सगळ्यात जास्त वाद घालते. संस्थेचं नाव मोठं व्हावं म्हणून बातमी नको, मान्य. पण शेजारच्या गावातल्या बाईला कळायला नको का, की पंप मोजता येतात, अर्ज कुठे द्यायचा असतो, पोच मागायची असते? तिच्या गावात आपला कार्यकर्ता कदाचित कधीच पोचणार नाही. पेपर रोज पोचतो.

पैशाचंही आहेच. लोकसत्ता दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतं आणि वाचक त्या संस्थांच्या नावाने धनादेश पाठवतात, कितीतरी छोट्या संस्थांना त्यातून अनोळखी माणसांची मदत मिळाली आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनाही २०१३ च्या कायद्यामुळे सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात, आणि त्यांचे अधिकारी आपल्याला भेटण्याआधी नेटवर नाव शोधतात, म्हणून बातमी आली की पत्रकाराकडून वेबसाइटवरची लिंक मागून घ्या, नुसतं कात्रण फाइलला लावून ठेवू नका. अशी बातमी येण्याआधी ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ते प्रमाणपत्र, खात्याचा तपशील, फोन उचलणारा माणूस हे तयार ठेवा. त्या दिवशी सकाळी सातपासून फोन येतात आणि दुपारनंतर कमी होत जातात.

चुकीचं छापून आलं तर

येतं कधीकधी. आडनाव चुकतं, आकडा चुकतो, दुसऱ्याच संस्थेचं नाव पडतं. पहिली गोष्ट, मथळा वार्ताहराने दिलेला नसतो, डेस्कने दिलेला असतो, त्यामुळे मथळ्यासाठी वार्ताहरावर ओरडू नका. फोन करा, काय चुकलं आणि बरोबर काय एवढंच सांगा, वेब आवृत्तीत ते लगेच दुरुस्त होऊ शकतं. कुणाला इजा होईल अशी चूक असेल, एखाद्या मुलीची ओळख उघड झाली असेल, तर मात्र लेखी द्या, संपादकांना द्या, त्याच दिवशी द्या, आणि ई-पेपरमधून ते पान काढायची मागणी करा. तिथे संबंध बिघडतील म्हणून गप्प बसायचं नाही.

बातमी आल्यावर

बातमी आली की कात्रण संस्थेच्या ग्रुपवर टाकून आपण खूश होतो आणि पुढच्या कार्यक्रमाला लागतो. आम्ही आता ते कात्रण आधी गावात नेतो आणि मोठ्याने वाचून दाखवतो, कारण ज्या बायकांनी पंप मोजले त्यातल्या काहींना वाचता येत नाही आणि त्यांच्याबद्दल काय छापलंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायला हवं. काही चुकलेलं असेल तर त्याच सांगतात. त्या गावात एका आजींनी यादी ऐकून लगेच सांगितलं होतं, "आमच्या आळीचा पंप चालू लिहिलाय, तो कालपासून बंद पडलाय."

मग वार्ताहराला आभाराचा एक फोन, आणि डायरीत एक तारीख, साधारण दीड महिन्यानंतरची. त्या दिवशी आजींच्या आळीपासून सुरू करून अकराही पंपांवर परत जायचं, हांडा भरून बघायचा, वहीत नवीन रकाना आखायचा आणि जे दिसेल ते त्याच वार्ताहराला पाठवायचं. आमचा तो मेसेज असा गेला होता: "दादा, मार्चमध्ये तुम्ही पंपांची बातमी केली होती. आज परत मोजले. पाच दुरुस्त झाले, तीन अजून बंद, त्यातला एक शाळेजवळचा आहे. तक्ता आणि फोटो पाठवतेय. पंचायत समितीत उद्या अकरा वाजता बायका जाणार आहेत."